हिरवी खूण पाहून 86,400 रुपये पाठवले

बेळगावात वडगावला आमचे चार यंत्रमाग आहेत. सूत इचलकरंजीहून येतं, नऊ वर्षं एकाच व्यापाऱ्याकडून. 2024 च्या दिवाळीआधी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला : "जुनं खातं ऑडिटमुळं बंद आहे, या नव्या खात्यावर भरा." फोटो त्यांच्याच दुकानाचा. नंबर वेगळा होता, पण आजकाल दोन नंबर कुणाकडे नसतात?

मी न तपासता पैसे भरले नाहीत, हेच जास्त सलतं. खातं तपासून देणारी एक वेबसाइट मुलानं काढून दिली. खाते क्रमांक घातला, आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, घातला. बँकेचं नाव आलं, शाखा इचलकरंजी, शेजारी हिरवी खूण, 'व्हॅलिड'. शाखा वाचली आणि माझी शंका फिटली. एनईएफटीनं पैसे पाठवले.

संध्याकाळी व्यापाऱ्यांचा नेहमीच्या नंबरावरून फोन. "अण्णा, सण जवळ आलाय, हिशेबाचं बघताय न्हवं?" हातातला सुताचा कोन मी तसाच खाली ठेवला.

त्या खुणेत काय होतं ते बँकेत कळलं. आयएफएससी 11 अक्षरांचा असतो : पहिली 4 बँकेची, पाचवं शून्य, शेवटची 6 शाखेची. ही यादी सगळ्यांना खुली असते. बँक आणि शाखा तिथूनच आली होती. खाते क्रमांकाचे नुसते अंक मोजले होते. खातं कुणाचं, हे त्या वेबसाइटला ठाऊकच नव्हतं. आणि मी नाव व्यापाऱ्यांचं लिहिलं असलं तरी पैसे जमा झाले ते क्रमांक बघून.

रात्री घरात सांगायची लाज वाटली, म्हणून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरवर सकाळी फोन केला. ही रात्र कुणी घालवू नका. तोवर त्या खात्यात 1,150 रुपये उरले होते, तेवढेच गोठवता आले. शेजारच्या मास्तरांनी तक्रारीचा अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला.

रिझर्व्ह बँकेनं 1 एप्रिल 2025 पर्यंत एनईएफटी-आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव बघायची सोय द्यायला बँकांना सांगितलं. ते नाव वाचल्याशिवाय बटण दाबू नका. नवं खातं असेल तर आधी 1 रुपया पाठवा आणि जुन्या नंबरावर फोन करून विचारा. मेसेजवर विचारलंत तर तिकडचा चोर "आला" असंच लिहिणार.

व्यापाऱ्यांची बाकी आम्ही चार हप्त्यांत फेडली. खातं जुनंच होतं, तरी प्रत्येक हप्त्याआधी मी फोन लावला.