फिश टँकच्या 'शॉकप्रूफ किट'मध्ये माझे ७,३५० रुपये गेले

फिश टँकला शॉकप्रूफ किट बसवून देतो म्हणत घरी येणाऱ्यापासून सावध राहा. माझ्याकडून ७,३५० रुपये नेले. आरसीसीबीचे (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ३,२००, पाण्यात सोडायच्या अर्थिंग रॉडचे १,४५०, हीटरचे १,८००, फिटिंगचे ९००. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वर लागेल. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

ते बटण काही डोक्यातून जात नाही. खऱ्या आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, दाबलं की खटका पडतो. मी विचारलं होतं हो त्याला, बटण कुठाय? "साहेब, नवीन मॉडेलला नसतं, आतून ऑटोमॅटिक आहे." तिथेच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं! पण ओळखीच्या दुकानदाराने पाठवलेला माणूस, हातात मीटर, तोंडात मिलिअँपिअर. कोणीही विश्वास ठेवला असता.

काही दिवसांतच हीटरची काच तडकली. लेकीने खाणं टाकताना बोटं पाण्यात बुडवली आणि किंचाळून मागे सरली. खटका तसाच वर! दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने त्या आरसीसीबीवरचा 'शॉकगार्ड'चा स्टिकर नखाने उचलला, तर खाली छापलेलं 'सी १६'. साधी डबल पोल एमसीबी. ती ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालं तरच पडते. माणूस मरायला पन्नास-शंभर मिलिअँपिअरही पुरतात, म्हणून तर ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारी आरसीसीबी लावायची असते. रॉडची हिरवी वायर बोर्डात कापून काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली, अर्थला जोडलेलीच नाही.

दुकानदार म्हणतो, मी फक्त नंबर दिला. वीज कार्यालयात उत्तर, मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही. पोलीस चौकीत तर कहर. "माशांच्या टाकीची तक्रार?" मग, पैसे तुम्हीच हाताने दिलेत ना, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. अर्ज ठेवून घेतला, पोच नाही. पोच मागितली तर साहेब आल्यावर या, आणि साहेब कायम बंदोबस्तावर. पोरीला काही झालं असतं तर लगेच पंचनाम्याला आले असते! तोवर कोणाचंच काम नाही?

बिलाशिवाय एक रुपया देऊ नका. आयएसआय चिन्हाखालचा नंबर सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा. आरसीसीबीचं 'टी' बटण फिटिंगवाल्यासमोरच दाबा, नंतरही महिन्यातून एकदा. दोन पिनांचा हीटर घेऊ नका. वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. आरसीसीबी असली तरी टँकमध्ये हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचेच.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तेव्हा फसलेल्यांनी गप्प बसू नका. तो माणूस अजून ठाण्यात फिरतोय. त्याच्याकडून किट बसवली असेल तर आजच मेन स्विच बंद करून बोर्ड उघडून घ्या.