अपेंडिक्सच्या दुखण्यात सोनोग्राफी की सीटी स्कॅन?

पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखू लागले की शल्यचिकित्सकापुढे हा प्रश्न उभा राहतो. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, म्हणून लहान मुले व गर्भवती यांच्यासाठी तीच आधी करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डॉक्टर प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग, पोटावर हळूहळू दाबत नेतात. निरोगी अपेंडिक्स दाबाखाली चपटे होते, सुजलेले मात्र होत नाही आणि त्याची जाडी सहसा 6 मिलिमीटरपेक्षा जास्त भरते. पण आतड्यात वायू असला, रुग्ण स्थूल असला किंवा तपासणाऱ्याचा हात सरावलेला नसला, तर अपेंडिक्स दिसतच नाही, आणि न दिसणे म्हणजे आजार नसणे नव्हे.

सीटी स्कॅन या अडचणींवर बऱ्याच अंशी मात करतो आणि अपेंडिक्स फुटले आहे का, पू कुठवर पसरला आहे, हेही दाखवतो. त्याची किंमत म्हणजे किरणोत्सर्ग, तसेच चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून औषध (कॉन्ट्रास्ट) द्यायचे असल्यास मूत्रपिंडांची काळजी.

शस्त्रक्रियेनंतर सर्व सुरळीत असेल तर दोन्हींची गरज नसते. पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा ताप चढला, तर मात्र आतड्यांच्या वेटोळ्यांमधला पू शोधायला प्रौढांमध्ये सीटीच अधिक भरवशाचा.