सीएफएसई आणि पीकेएच-२६ : आठ महिने वापरल्यानंतर

जळगावच्या आमच्या लॅबमध्ये गेले आठ महिने हे दोन रंग वापरतेय. मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या नको त्या गोष्टी गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी, कर्करोगाच्या पेशींना किती गिळतात ते पाहायचं होतं. मॅक्रोफेज हिरव्या सीएफएसईने रंगवायचे, कर्करोगाच्या पेशी लाल पीकेएच-२६ने, आणि दोघींना एकत्र सोडायचं. दोन्ही रंग ज्या पेशीत, तिने दुसरीला गिळलं, असा हिशेब.

सीएफएसईवर माझा विश्वास बसलाय. बाटलीत तो चमकत नाही. पेशीत शिरला की तिथली एस्टरेज एन्झाइम्स त्याचे ॲसिटेट गट तोडतात, मग तो उजळतो आणि प्रथिनांतल्या लायसिन या अमिनो आम्लाला पक्का चिकटतो. फॉर्माल्डिहाइडमध्ये पेशी फिक्स केल्या, म्हणजे आहेत तशा टिकवून ठेवल्या, तरी टिकतो. फ्लो सायटोमीटर या एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रासाठी नमुने पुण्याला न्यावे लागतात, तेव्हा याची किंमत कळते. पहिल्या दिवशी चमक बरीच उतरते, म्हणून पेशी रात्रभर ठेवूनच मी मोजणी सुरू करते. रंगाचं प्रमाण १० मायक्रोमोलर ठेवलं तेव्हा माझ्या पेशी मरू लागल्या, २.५ला छान राहिल्या.

जपायचं ते दमटपणापासून. उणे २० अंशांतून काढलेली नळी पावसाळ्यात गारच उघडली की हवेतलं पाणी आत जातं आणि रंग निकामी होतो. जुलैतले माझे तीन आठवडे असेच गेले. आता एका वेळेपुरते थोडे थोडे भाग करून ठेवते. रंग ज्यात विरघळवलेला असतो तो डीएमएसओ हा द्रव साडेअठरा अंशांखाली गोठतो, त्यामुळे मे महिन्यात नळी लगेच वितळते आणि जानेवारीच्या सकाळी मुठीत धरून बसावं लागतं.

पीकेएच-२६ने मात्र फसवलं. हा रंग पेशीच्या पडद्यातल्या चरबीत नुसता रुतून बसतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात आणि गर्दीत तो ओला रंग शेजारच्या बैलाच्या अंगाला लागतो, तसंच. दोन महिने मला दुरंगी पेशी भरपूर मिळाल्या, मी हरखून गेले. मग सरांनी विचारलं, "चार अंशांवर करून बघितलंस का?" त्या थंडीत गिळणं थांबतं. तरी दुरंगी पेशी होत्याच. लाल पेशींवरचं द्रव सेंट्रिफ्यूज करून, पेशी काढून टाकून, नुसतं हिरव्या पेशींवर ओतलं, तर त्याही लाल झाल्या. दोन महिन्यांचे आकडे वहीत खोडताना हात जड झाला होता.

नुसत्या स्पर्शाची खूण हवी असेल तर २०१८ साली आलेली लिपस्टिक पद्धत आहे. तिच्यात एका पेशीवरचं सॉर्टेज एन्झाइम भिडलेल्या शेजारणीलाच खूण लावतं. पण तिला जनुक बदललेल्या पेशी लागतात, ते आमच्या आवाक्यात नाही.

आता कर्करोगाच्या पेशींनाही प्रथिनांना चिकटणारा सेलट्रेस व्हायोलेट हा रंग लावते. दुरंगी पेशी कमी दिसतात, आणि चार अंशांवर जवळपास दिसतच नाहीत.