‘बॅन काढून देतो’ म्हणणाऱ्याला दिलेले ४,९९८ रुपये

१,४९९ स्पूफरचे (यंत्राची ओळख खोटी दाखवणारा प्रोग्राम), ९९९ ‘लाइफटाइम की’चे आणि २,५०० ‘रिफंडेबल डिपॉझिट’चे. एकूण ४,९९८. स्टीमचं, म्हणजे पीसी गेम विकत घ्यायच्या ऑनलाइन दुकानाचं, खातं गेलं ते वेगळं. सांगलीत लोकांचे पीसी जोडून देणाऱ्या माणसानं हे लिहायचं म्हणजे अब्रूचा पंचनामाच आहे. पण गेममधला बॅन काढून देतो म्हणत ज्या टेलिग्राम चॅनेलनं मला गंडवलं, तो नाव बदलून अजून चालू आहे आणि विश्रामबागेतली कॉलेजची पोरं त्यात आहेत, म्हणून लिहितोय.

‘हॅक मारलं असशील, म्हणूनच बॅन झाला’ असं कुणी म्हणायच्या आत सांगतो: आपोआप नेम धरणारा एमबॉट, भिंतीपलीकडचं दाखवणारा वॉलहॅक, काहीही वापरलेलं नाही. जुना बी४५० मदरबोर्ड ४,२०० रुपयांना घेतला, बिल नाही. व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम टाकला आणि समोर ‘व्हॅन १५२’ हा एरर. आधीच्या मालकाचं पाप बोर्डासकट घरात आलं.

व्हॅन १५२ म्हणजे खात्यावर नाही, यंत्रावर बंदी. मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड यांना स्वतःचे ओळख क्रमांक असतात, त्यावरून मशीन ओळखतात. नवा ईमेल काढा, विंडोज पुन्हा टाका, बोर्ड तोच असेल तर पकडला जातो. ही बंदी साधारण चार महिन्यांची असते. गेम बनवणाऱ्या रायट कंपनीकडे तिकीट (तक्रार) टाकायला एक रुपया लागत नाही. हे माहीत होतं. पण जुन्या बोर्डाचा पुरावा म्हणून जोडायला बिलच नव्हतं, आणि टेलिग्रामवरचा ‘बॅन काढून देतो’ म्हणणारा इसम शुद्ध मराठीत लिहीत होता: ‘भावा, टेन्शन घेऊ नको, दहा मिनिटांचं काम आहे.’ परप्रांतातला कुणी तुटक इंग्रजीत बोलला असता तर लगेच ब्लॉक केला असता.

आता जिथं खटकायला हवं होतं ते. त्यानं पासवर्ड लावलेली झिप पाठवली, पासवर्ड १२३४. झिपला पासवर्ड कशाला? अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून, इथं दुसरं कारणच नाही. मग विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करायला लावला, फोल्डर एक्सक्लूजनमध्ये (‘हे तपासू नको’च्या यादीत) टाकायला लावलं, फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायला लावली. इथपर्यंत एक वेळ समजू, कारण स्पूफर म्हणून जे विकतात ते ड्रायव्हरच्या पातळीवर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालतं आणि अँटिव्हायरस ओरडतोच. पण पुढची पायरी होती: ‘बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट डिसेबल कर.’ बायॉस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग, आणि सिक्युअर बूट म्हणजे पीसी सुरू होताना अनोळखी प्रोग्रामला अडवणारं कुलूप.

अहो, विंडोज ११ वर टीपीएम २.० (पीसीतला सुरक्षेचा भाग) आणि सिक्युअर बूट चालू नसेल तर व्हॅलोरंट उघडतच नाही! व्हॅन ९००१ किंवा ९००३ हा एरर येऊन बसतो. म्हणजे जो गेम चालू करायला पैसे घेतले, तोच गेम ज्यामुळे बंद पडतो ते बटण हा माणूस दाबायला सांगत होता. गिऱ्हाइकांच्या मशीनवर हे दोन एरर मी स्वतः दुरुस्त करतो. तरीही डिलीट दाबून बायॉसमध्ये गेलो, बूट टॅब उघडला आणि एनेबल्डचं डिसेबल्ड केलं. रात्रीची वेळ, समोरचा सारखा ‘झालं का?’ विचारतोय, आधीचे २,४९८ अडकलेले. असली मंडळी घाई करतात ती याचसाठी.

नंतर ९००३ आलाच. त्यावर उत्तर: ‘प्रीमियम सर्व्हर लागेल, २,५०० डिपॉझिट, उद्या परत.’ तिन्ही पेमेंटचे यूपीआय आयडी वेगळे, तीन वेगळ्या माणसांच्या नावांचे. नाव बदललं की थांबा.

झिपमध्ये खरा माल होता तो ब्राउझरच्या कुकीज आणि सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्राम. लॉगिन झालेली कुकी (ब्राउझरनं जपलेली लॉगिनची खूण) गेली की ओटीपी असूनही उपयोग नाही, चोर आधीच आत. स्टीमचा ईमेल बदलला आणि माझ्या डिस्कॉर्डवरून मित्रांना तीच झिप गेली. असं झालं तर त्या पीसीवरून पासवर्ड बदलत बसू नका, बदललेलाही जाईल. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून बदला, सगळीकडून लॉगआउट करा, मग विंडोज कोरी टाका.

कुणी ‘व्हॅक बॅन’ (स्टीमच्या चीटविरोधी यंत्रणेनं घातलेली बंदी) काढतो म्हणाला तर तिथंच हसा. तो बॅन कायमचा असतो, स्टीम सपोर्टसुद्धा काढत नाही. आणि स्टीमच्या फॅमिली शेअरिंगमध्ये तुमच्या कॉपीवर भावानं चीट केलं तर त्या गेममध्ये तुम्हीही बॅन होता.

तक्रारीचं तर विचारूच नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर नोंद झाली, पोचक्रमांक मिळाला. पुढं पोलीस ठाण्यात गेलो तर साहेबांचा पहिला प्रश्न: ‘चीटिंग नक्की कुणी केलं, तुम्ही की त्यानं?’ समजावून सांगितलं. मग म्हणे बँकेची शाखा मिरजेची, तिकडं जा. मिरजेत म्हणाले राहता कुठं, तिकडं जा. स्क्रीनशॉट सीडीवर हवेत! आज कोणत्या पीसीला सीडी ड्राइव्ह असतो? सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (डिजिटल पुराव्याचं) प्रमाणपत्र, आणि त्याचा नमुना कुणाकडेच नाही. बँकेनं एका वाक्यात हात झटकले, ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ लाखाच्या खाली रक्कम असली की माणूस तक्रारदार नसतो, करमणूक असतो. त्या वेळात पैसे तीन खात्यांतून पुढं सरकले.

जाणार असाल तर पेमेंटचा बारा आकडी संदर्भ क्रमांक आणि यूपीआय आयडी कागदावर लिहून न्या. टेलिग्रामचं स्क्रीन रेकॉर्डिंग पेमेंट करताच काढा. समोरचा माणूस दोन्हीकडची चॅट पुसू शकतो, माझी निम्मी तशीच गेली. तक्रार टाकल्यावर ‘पैसे परत मिळवून देतो, आधी ५०० भरा’ म्हणणारा दुसरा येतो, तोही त्याच गोतावळ्यातला.

जुना बोर्ड घेताना विकणाऱ्याच्या समोर चालू करा, स्वतःच्या खात्यानं गेम उघडून एक मॅच खेळा, मग पैसे द्या. चिठ्ठीवर का होईना, बोर्डाचा सिरीयल नंबर, तारीख आणि त्याची सही घ्या. नाही म्हणाला तर बोर्ड त्याच्याकडेच राहू द्या.