बिलात ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ होता, पण मिळाला बसवणाऱ्याला

एका घरची गरज साधी होती. दुमजली घर, खाली एक आणि वर दोन कॉम्प्युटर, आणि बाहेरगावाहून वरच्या मशीनवरचं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडता यावं. बिल आलं २३,४०० रुपयांचं: कॅट-६ केबल ७० मीटर, आठ पोर्टचा गिगाबिट स्विच (मशीन एकमेकांना जोडणारी पेटी), ‘विंडोज प्रो’ तीन नग, ‘स्टॅटिक आयपी व रिमोट सेटिंग’. स्विच खरा निघाला. बाकी बिल कसं पोकळ होतं ते सांगतो, कारण हीच चार कलमं घरोघरच्या बिलांत असतात.

केबलीच्या वेष्टनावर मीटरचे आकडे छापलेले असतात. दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करायची. इथे वर गेलेल्या केबलीवर एका टोकाला २१४ आणि दुसऱ्याला १८३ होतं, म्हणजे ३१ मीटर. खालची ८ मीटर. एकूण ३९. मग ७० कुठून आले? वर दोन केबली जायला हव्या होत्या, बिलात दोन लावल्या, ओढली एकच. तिच्या आठ तारा फोडून नारिंगी-हिरव्या जोड्या एका जॅकला आणि निळ्या-तपकिरी दुसऱ्याला दिल्या. चार तारांवर १०० एमबीपीएसच्या वर वेग मिळत नाही. गिगाबिटला, म्हणजे १,००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडून ‘लिंक स्पीड’ पाहिला की १००/१०० दिसतं आणि बिंग फुटतं.

तारही अस्सल नव्हती. टोक ब्लेडने खरवडलं तर तांबडा रंग उडून आत चांदीसारखं चमकलं. ही सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. कमी अंतरावर नेट चालून जातं, म्हणून शंका येत नाही. पण ती वाकवली की तुटते, आणि पुढे त्याच केबलीतून कॅमेऱ्याला वीज दिली तर रोध जास्त असल्याने तापते.

आता ‘स्टॅटिक आयपी’, म्हणजे नेटवरचा न बदलणारा पत्ता. कॉम्प्युटरला १९२.१६८.१.५० हा आकडा हाताने भरून दिला होता, त्याचे ४,००० रुपये! तो पत्ता घराच्या आतला. बाहेरून त्याला कुणी विचारत नाही. खरा स्टॅटिक आयपी फक्त इंटरनेट कंपनी देते आणि तो तिच्याच बिलात दिसतो. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. अनेक घरं मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरतात, त्यामुळे तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले, म्हणजे बाहेरून आलेली हाक आतल्या मशीनकडे वळवली, तरी बाहेरून दार उघडत नाही. इथे वॅन १००.७८ ने सुरू होत होता.

दार उघडेना, तेव्हा कारागिराने ‘तात्पुरतं’ म्हणून एनीडेस्क हे दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं, अनअटेंडेड अ‍ॅक्सेस (समोर कुणी नसताना शिरण्याची सोय) चालू केला आणि पासवर्ड स्वतःचा ठेवला. शिवाय ‘सपोर्ट’ नावाचं अ‍ॅडमिन खातं. म्हणजे मालक झोपलेला असतानाही कारागिराला मशीनवर बसता येत होतं. हे बिलात नव्हतं.

‘प्रो’चीही तीच कथा. विंडोज होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही हे खरं, पण प्रो चालू केलं ते चोरीच्या अ‍ॅक्टिव्हेटरने, म्हणजे परवाना न घेता विंडोज चालू करणाऱ्या प्रोग्रामने, आणि अँटिव्हायरसने तपासू नये म्हणून त्याच्या ‘एक्स्क्लूजन’मध्ये फोल्डर टाकून. रन खिडकीत ‘slmgr /xpr’ ही आज्ञा दिली की विकत घेतलेल्या परवान्याला कायमस्वरूपी असं येतं. घरच्या मशीनवर मुदतीची तारीख आली तर समजून जा. मुळात प्रोची गरजच नव्हती. क्रोम रिमोट डेस्कटॉप होमवरही चालतो, आणि टेलस्केल हे आपली मशीनं खासगी जाळ्यात जोडणारं सॉफ्टवेअर सीजीनॅटमधूनही घरच्या नेटवर्कपर्यंत पोचवतं. दोन्हींना स्टॅटिक आयपी लागत नाही. फक्त खातं स्वतःच्या मेलवर, दोन टप्प्यांच्या लॉगिनसह उघडायचं.

ज्यांच्याकडे खरा बाहेरचा पत्ता आहे त्यांच्याकडे रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट सरळ उघडून दिलेला सापडतो. नंबर बदलला तरी नेटवर उघडी दारं हुडकणारे स्कॅनर तो शोधतात. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी नोंदींत ४६२५ची, म्हणजे फसलेल्या लॉगिनची, रांग दिसली की कुणीतरी पासवर्ड चाचपडतंय.

असं घरी सापडलं तर आधी नेटची वायर काढा. मेल आणि बँकेचे पासवर्ड मोबाइल डेटावरच्या फोनवरून बदला, त्या मशीनवरून नव्हे. टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने टाका. नुसतं एनीडेस्क काढून भागत नाही, कारण अ‍ॅक्टिव्हेटरने आणखी काय आणलं ते दिसत नाही. राउटर रिसेट करण्याआधी पीपीपीओईचं (राउटरने इंटरनेट कंपनीकडे करायच्या लॉगिनचं) यूजरनेम-पासवर्ड इंटरनेट कंपनीकडून लिहून घ्या, नाहीतर नेटच परत येणार नाही. रिसेटनंतर अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी (प्रोग्रामना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. खात्यातून पैसे गेले असतील तर हे सगळं बाजूला ठेवून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन आणि बँकेला लेखी कळवणं आधी. त्या वेळी मशीन पुसू नका, एनीडेस्कच्या नोंदींत जोडणाऱ्याचा आयडी असतो.