मॉनिटरचा कलर नक्की कुठून सेट करायचा? बटणं, विंडोज, ड्रायव्हर की कॅलिब्रेटर

नवा मॉनिटर लावला की बहुतेक वेळा सगळं निळसर तरी दिसतं नाहीतर माणसांचे चेहरे लालबुंद. मग लोक मॉनिटरच्या मेनूत थोडं, विंडोजमध्ये थोडं, ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) थोडं असं सगळीकडे फिरवत बसतात. असं अजिबात करू नका, नंतर कशाने काय बिघडलं तेच कळत नाही.

सुरुवात मॉनिटरच्या बटणांपासूनच करा, यावर मी ठाम आहे. एलसीडी मॉनिटरवर तिथून ब्राइटनेस उतरवला की मागचा बॅकलाइटच मंद होतो, त्यामुळे काळा रंगही गडद होतो आणि डोळ्यांनाही बरं वाटतं. तेच ड्रायव्हरमधून केलं तर बॅकलाइट आहे तेवढाच राहतो, चित्र मळकट होतं आणि काळा राखाडीच दिसतो. शिवाय ८ बिट सिग्नलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, सॉफ्टवेअरने निळा ८० टक्क्यांवर आणला की साधारण २०५ उरतात आणि मग आकाशाच्या फोटोत पट्टे दिसायला लागतात.

मेनूत व्हिव्हिड, डायनॅमिक वगैरे मोड असतील ते बंद करा, एसआरजीबी (स्क्रीन आणि वेबसाठीचं प्रमाणित रंगमान) मोड असेल तर तो आधी बघा (बऱ्याच मॉनिटरवर त्यात ब्राइटनेस लॉक होतो, ती अडचण आहे), नाहीतर कलर टेंपरेचर (पांढरा पिवळसर की निळसर ते ठरवणारं सेटिंग) ६५०० के म्हणजे केल्विन आणि गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते) २.२ ठेवा. कॉन्ट्रास्ट वाढवायचा मोह आवरा, पैठणीचा क्लोजअप उघडून बघा, कॉन्ट्रास्ट जास्त झाला की जरीच्या काठातले तारच दिसेनासे होतात, नुसता पिवळा पट्टा.

विंडोजमधलं कॅलिब्रेट डिस्प्ले कलर हे टूल फुकट आहे, ऑफिसच्या कामाला पुरतं, दोन मॉनिटर शेजारी ठेवून जरा जुळवायचे असतील तरी चालतं. पण शेवटी ते तुमच्या डोळ्यांवर चालतं, आणि डोळे खोलीतल्या उजेडाची सवय करून घेतात, पिवळ्या बल्बखाली केलेलं सेटिंग सकाळी खिडकीच्या उजेडात वेगळंच वाटतं. करायच्या आधी नाइट लाइट (विंडोजचं रात्री स्क्रीन पिवळसर करणारं सेटिंग) बंद करा हां.

ड्रायव्हरचा खरा उपयोग एकच, एचडीएमआयवर रंग फिके, धुतल्यासारखे दिसत असतील तर आउटपुट रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणते आकडे पाठवायचे ते) लिमिटेड आहे का बघा. १६ ते २३५ ऐवजी फुल म्हणजे ० ते २५५ केलं की बऱ्याचदा तिथेच काम होतं. सॅच्युरेशन वाढवणं गेमिंगला ठीक, फोटोला नको.

राहिला कॅलिब्रेटर, स्क्रीनवर टेकवायचा सेन्सर. तो रंगाचे चौकोन मोजतो आणि त्या मॉनिटरचं आयसीसी प्रोफाइल (तो मॉनिटर रंग कसे दाखवतो याची नोंद असलेली फाइल) बनवतो, सोबत डिस्प्लेकॅल हे फुकट सॉफ्टवेअरही बऱ्याच सेन्सरवर चालतं. किंमत हजारांत जाते, म्हणून नुसत्या यूट्यूब-एक्सेलसाठी घेऊ नका, पण लग्नाचे अल्बम किंवा प्रिंटिंगचं काम घेत असाल तर मी म्हणेन महागडा मॉनिटर नंतर, हा आधी, कारण गिऱ्हाईकाच्या हातात छापील कागद जाणार आहे, तुमचा स्क्रीन नाही. फक्त पॅनेलच स्वस्तातलं असेल, जे रंग त्याला दाखवताच येत नाहीत, ते कॅलिब्रेटरही आणून देणार नाही. आणि मोजायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, थंड असताना घेतलेलं माप नंतर सरकतं.