डेट नाइट सीफूड बॉक्स: कोळंबीला चार स्टार, पापलेटला दीड

आधीच सांगून टाकतो, अ‍ॅपचं नाव लिहिणार नाहीये. एका डब्यावरून कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण "घरच्या घरी रोमँटिक सीफूड डिनर, फक्त ३० मिनिटांत" असली जाहिरात बघून तुमचा पण अंगठा बटणावर जात असेल तर दोन मिनिटं थांबा आणि हे वाचा.

आमच्या लग्नाचा वाढदिवस १८ जुलैला. आता भर आषाढात कोण लग्न करतं म्हणाल तर आम्ही, कारण कोर्ट मॅरेज, रजिस्ट्रारकडे जी तारीख मिळाली ती घेतली, बायकोच्या घरचे वेंगुर्ल्याचे आणि आमच्या घरचे कोल्हापूरचे, पत्रिका आणि मुहूर्त काढत बसलो असतो तर आजपण बोलणीच चालू असती. त्यामुळे दरवर्षी आमचा वाढदिवस धो धो पावसात येतो, बाहेर जावं तर लिंकिंग रोडला गुडघाभर पाणी आणि टेबलाला तासभर वेटिंग. म्हणून यंदा म्हटलं घरीच करू, आणि मी करणार, तिने फक्त बसायचं. वार पण शुक्रवार, म्हणजे तिचा सोमवार-गुरुवारचा पण प्रश्न नाही.

बॉक्स १,४९९ रुपयांचा. त्यात एक मध्यम पापलेट, २५० ग्रॅम सोललेली कोळंबी, गार्लिक बटरची छोटी डबी, हिरव्या मॅरिनेडचं पाकीट, कृतीचं गुळगुळीत कार्ड, आणि दोन मेणबत्त्या. डिलिव्हरीला तक्रार नाही, सहा ते सातचा स्लॉट होता, त्या पावसात पोरगा सव्वासहाला दारात, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला आणि डबा मात्र कोरडा. थर्माकोलचा डबा, आत जेल पॅक, मासा गार. वर गोल स्टिकर, "आजचा ताजा कॅच". त्या स्टिकरने पुढे घात केला.

बायको ऑफिसमधून आली, हातपाय धुऊन सरळ ओट्यापाशी. मी म्हटलं तू बस गं, आज मी बघतो. ती बसली नाही. पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "याचं डोकं कुठाय?"

"साफ करून देतात ते. रेडी टू कुक."

"अरे पण डोकं नाही, डोळे नाहीत, कल्ले नाहीत. मग मासा बघायचा कुठून?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे माझ्यासारख्या घाटी लोकांसाठी) सांगतो, पापलेट घेताना सगळी परीक्षा डोक्याशीच असते. कल्ला उचलून बघायचा, लालभडक हवा, तपकिरी झाला की ठेवून द्यायचा. गालफडापाशी दाबलं की पांढरट पाणी यायला हवं, लालसर आलं तर मासा जुना. डोळा फुगीर आणि चकचकीत. डोकं उडवलं की हे सगळे पुरावे गेले. वर तिच्या माहेरी डोकी फेकतच नाहीत, त्यांचं वेगळं सार होतं आणि त्यावरून भावंडांत मारामाऱ्या झालेल्या आहेत, ते वेगळंच. मग तिने मधोमध अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला, वर आलाच नाही. कडा पांढुरक्या, सुकलेल्या, डीप फ्रीजरमध्ये बरेच दिवस पडलेल्या वस्तूच्या होतात तशा. ती काहीच बोलली नाही, नुसती स्टिकरकडे बघून हसली. तेवढ्यात सासूबाईंचा शुभेच्छांचा व्हिडिओ कॉल, तिने फोन सरळ माशावर धरला, आणि पलीकडून पहिलं वाक्य, "गो, ह्या दिवसांत सरंगो खयसून गावलो तुमका?"

सरंगा म्हणजे त्यांच्याकडे पापलेट. इथे माझी ट्यूब पेटली. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ६१ दिवस. माशांच्या विणीचा काळ आणि समुद्र पण खवळलेला, दोन्हीसाठी. बिनइंजिनाच्या छोट्या होड्यांना सूट असते, पण त्या किनाऱ्याजवळ, थोडंफार मिळतं तेवढंच. मग १८ जुलैला आमच्या गोरेगावच्या ओट्यावर "आजचा" सरंगा येणार कुठून? एक तर बंदीच्या आधी पकडून गोठवलेला, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून बर्फात घालून आलेला, कारण तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जुलैत तिकडच्या बोटी चालू. दोन्हीत चूक काही नाही हो, गोठवलेला मासा म्हणजे पाप नाही, पण मग तसं लिहा ना स्टिकरवर. २०२३ साली सरकारने याच चंदेरी पापलेटला राज्य मासा म्हणून जाहीर केलं, आणि त्याच राज्य माशाला डोकं उडवून प्लास्टिकमध्ये घालून खोटं स्टिकर लावायचं म्हणजे कमाल आहे.

आता कोळंबी. इथे मात्र मला कौतुकच करायचंय. पाकिटावर बारीक अक्षरात "फार्म्ड, व्हेनामी" असं चक्क लिहिलेलं होतं. ही तळ्यातली, आंध्रात मोठ्या प्रमाणावर होते ती, तिला बंदी-बिंदी काही नाही, बारा महिने मिळते, त्यामुळे पावसाळ्यात ती ताजी असू शकते आणि होती. पाठीचा काळा दोरा नीट काढलेला, एकसुद्धा राहिलेला नाही, वास स्वच्छ, हाताला घट्ट. २५० ग्रॅम लिहिलेलं, मी वजनकाट्यावर टाकलं तर पाणी निथळून २४०. सोललेलं वजन आहे हे लक्षात घ्या, बाजारातून डोक्या-कवचासकट आणलेली अर्धा किलो सोलली की साधारण एवढीच उरते, म्हणून भाव बघून लगेच महाग म्हणू नका. समुद्राच्या कोळंबीची गोडी हिला नाही असं बायकोचं मत आहे, आहेच फरक, पण बटर-लसणात तो फारसा कळत नाही.

त्यांची ती बटरची डबी मी बाजूला ठेवली, उघडल्या उघडल्या लसूण पावडरचा वास आला. घरातलं अमूल बटर, आठ-दहा पाकळ्या लसूण बारीक चिरून, आधी मंद आचेवर लसूण नुसता घमघमेपर्यंत, लाल करायचा नाही, कडू होतो. मग आच मोठी, कोळंबी पुसून कोरडी करून टाकली, वर मिरपूड, मीठ बेताने कारण बटर खारट. कार्डावर लिहिलंय आठ मिनिटं परता. आठ मिनिटं!! ज्याने हे कार्ड लिहिलं त्याने आयुष्यात कोळंबी केलेली नाही. मी येड्यासारखा फोनवर टायमर लावून उभा होतो, तिसऱ्या मिनिटाला बायकोने मागून हात घालून गॅस बंद केला. म्हणाली अर्धचंद्र झाला की उतरव, वेटोळं झालं की रबर. वर लिंबू पिळलं, कोथिंबीर भुरभुरवली, आणि खरं सांगतो, ताटात घ्यायच्या आधीच ओट्यापाशी उभं राहून कढईतूनच आम्ही निम्मी संपवली, पावाच्या तुकड्याने लसूणबटर पुसून घेत, खिडकीबाहेर पाऊस, कुकरची शिट्टी, ती बोटं चाटतेय. टेबल, मेणबत्ती, नॅपकिन हे सगळं तिकडे हॉलमध्ये मांडून ठेवलेलं, आणि जी काय डेट झाली ती इथे ओट्यापाशी झाली.

पापलेटची कथा लांबवत नाही. हिरवं मॅरिनेड म्हणजे सँडविचची चटणी आणि व्हिनेगर, ते धुऊन टाकलं. मीठ, हळद, कोकमाचं आगळ, आलं-लसूण आणि सासूबाईंनी पाठवलेला मालवणी मसाला लावून अर्धा तास ठेवला, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवला, लोखंडी तव्यावर सोडला. आणि मग त्याने पाणी सोडायला सुरुवात केली. गोठवलेला मासा घाईत वितळवला की हेच होतं, रवा सुटला, तेल उडायला लागलं, खाली चिकटलं, मी उलथनं घातलं आणि अर्धी साल तव्यावर. (मासा तव्यावरून स्वतःहून सुटेपर्यंत उलटायचा नसतो हे मला नंतर कळलं, तेवढी चूक माझी, ती त्यांच्या नावावर टाकत नाही.) चव वाईट नव्हती, मसाल्याने सांभाळून घेतलं. पण पापलेट खाताना बोटाने अलगद दाबलं की पाकळीसारखा थर सुटतो ना, तो सुटला नाही, भुसभुशीत चुरा झाला.

सोलकढी बॉक्समध्ये नव्हती, ती मी केली. एक नारळ, कोमट पाणी घालून दोनदा दूध काढलं, चार चमचे आगळ, लसणाच्या दोन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून. हिच्याबद्दल बायको म्हणाली "जमलीय", आणि वेंगुर्ल्याच्या माणसाकडून जमलीय म्हणजे सुवर्णपदकच.

मेणबत्त्यांबद्दल वेगळं लिहायलाच पाहिजे. व्हॅनिला सेंटेड! म्हणजे तळलेल्या माशाचा वास, लसणाचा वास, त्यात सोलकढी, आणि वरून केक भाजतोय असा वास. मी ती हौसेने पेटवली, दोन घास झाले, बायकोने काही न बोलता फुंकर मारून विझवली आणि ट्यूबलाइट लावली. म्हणाली, "काटा दिसायला नको का?" पटलं. अंधारात मासे खायचे हे माशांना काटे असतात हे ज्याला माहीत नाही त्याच्याच डोक्यात येऊ शकतं. मग तिने माझ्या ताटातले काटे काढून दिले, लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मला अजून धड येत नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रार टाकली. चॅटवरची व्यक्ती अतिशय नम्र, पण प्रत्येक वाक्यानंतर "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत". माशाचा फोटो मागितला. म्हटलं खाल्ला. म्हणे फोटोशिवाय पुढे जाता येत नाही. मग मी डस्टबिनमधल्या काट्याचा फोटो काढून पाठवला, त्यावर वॉलेटमध्ये शंभर रुपये आले. डोकं का नाही याचं उत्तर "ग्राहकांची पसंती". आणि "आजचा कॅच"चं काय, तर तो म्हणे ब्रँडिंगचा भाग आहे. बरं.

मग श्रावण लागला, बायको श्रावण पाळते, मी पण तिच्यामुळे पाळतो (ऑफिसच्या कँटीनमधलं मोजायचं नाही). गणपती गेले, आणि मी म्हटलं तोच मेन्यू परत करू, पण मासा आपण आणायचा. शुक्रवारी सकाळी माटुंगा रोडला उतरून सिटीलाइट सिनेमाजवळच्या गोपी टँक मार्केटला गेलो. तिथे बायकोला बघणं हाच एक कार्यक्रम आहे. तीन टोपल्या नुसत्या नजरेने नापास, चौथ्या मावशींपाशी थांबली, भाव ऐकून निघाली, मावशींनी "ये गो बाय, कल्ला तर बघ" म्हणून परत बोलावलं, कल्ला असा लाल की मला पण कळलं. दोन मध्यम पापलेटं साडेसातशेला, पाटीतली समुद्राची कोळंबी पाव किलो, आणि मूठभर करंदी वरून फुकट. मावशींनी डोकं ठेवूनच साफ करून दिलं, तिरक्या चिरा पण मारून दिल्या. एकूण खर्च बॉक्सपेक्षा कमी आणि मासे दुप्पट. हां, पण सकाळी साडेसातला उठावं लागलं, येताना लोकलमध्ये पिशवीकडे बघून शेजारच्या काकांनी नाक मुरडलं, आणि कोळंबी सोलायला माझी पाऊण तास पाठ मोडली, हे पण हिशोबात धरा. त्या रात्री पापलेट तव्यावरून असं सुटलं की मी फोटो काढून सासूबाईंना पाठवला. उत्तर आलं, "आता कसो."

तर माझं मत असं. असला बॉक्स पूर्ण घेऊ नका, त्याच अ‍ॅपवर सोललेली कोळंबी सुटी मिळते, ती डोळे झाकून घ्या, मी तेव्हापासून तीनदा मागवली आणि एकदाही फसलो नाही. संध्याकाळी सहाला घरी येणाऱ्या माणसाला सोललेली कोळंबी म्हणजे वरदान आहे. पापलेट मात्र डोळ्याने बघून, डोक्यासकट घ्या, आणि जून-जुलैत तर नादच करू नका. आणि तळहातापेक्षा लहान दिसली तर ती पण घेऊ नका, १३५ मिलिमीटरच्या आतलं पापलेट पकडायला राज्यात बंदी आहे, ती पिल्लं असतात.

डिलिव्हरीला पाच, कोळंबीला चार, पापलेटला दीड (तो अर्धा सासूबाईंच्या मसाल्याचा), कृतीच्या कार्डाला शून्य. दुसरी मेणबत्ती अजून फ्रिजवर तशीच पडलीय, गोरेगावात कुणाला व्हॅनिलाचा वास आवडत असेल तर घेऊन जा.